पिकअपचे पेडल आणि भोसरीतले चार गुरुवार

पालखी दिवे घाट चढून गेली त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. सासवडच्या पुढं एका फार्महाऊसवर लॉनचे गठ्ठे टाकून मी रिकामी पिकअप घेऊन घाट उतरत होतो, पाऊस भुरभुर चालू, पायात गमबूट, आणि गमबुटाला खाली दोन बोटं लाल मातीचा थर. मस्तानी तलाव दिसायला लागतो ना, त्याच्या जरा वरच्या वळणाला पुढच्या एसटीनं ब्रेक मारला म्हणून मी पण मारला. मारला म्हणजे मारायला गेलो, कारण पाय पेडलवर पडला आणि साबणावरून सरकावा तसा बाजूला गेला, टाच खाली आपटली, तोपर्यंत एसटीची मागची शिडी काचेत मोठी मोठी व्हायला लागलेली. दुसऱ्यांदा पाय मारला तो बसला. गाडी थांबली तेव्हा मधे हातभर जागा असेल. कंडक्टर मागच्या काचेतून माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. पुढं वडकीपर्यंत सेकंड गिअरमधेच आलो.

घरी फुरसुंगीत आल्यावर पहिलं काम काय केलं तर मोबाईलचा टॉर्च लावून पेडल बघितले. माझी गाडी २०१६ ची, सगळं आयुष्य नर्सरीच्या रोपांत गेलेलं, उरुळी कांचनला माल भरायचा आणि पुण्यात नाहीतर सासवड-जेजुरीकडं टाकायचा. ब्रेकच्या रबरावर कधीकाळी रेषा होत्या हे फक्त कोपऱ्यात कळत होतं, बाकी मधला भाग एकदम गोटा. क्लचचं रबर तर एका बाजूनं फाटून निम्मं लोंबत होतं आणि मी त्याला रोज पायानं जागेवर ढकलून गाडी चालवत होतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं.

आता तुम्ही म्हणाल की शंभर रुपयाची रबरं आणून टाकायची ना, त्यात काय एवढं. टाकली की. ह्याच्या आधी पण दोनदा टाकलेली. रबर कोरडं असलं आणि पायात साधी चप्पल असली तर नवीन रबरासारखं दुसरं काही नाही, मी आजही तेच म्हणीन. पण आमच्या धंद्यात पाय कोरडा कधी असतो? रोपांच्या पिशव्यांतून पाणी गळतं, नर्सरीत सगळीकडं चिखल, तो बुटाला लागून वर केबिनमधे येतो आणि रबराच्या बारीक रेषांत जाऊन बसतो, आणि एकदा का त्या रेषा भरल्या की रबर आणि गुळगुळीत फरशी ह्यात फरक राहत नाही. आणि खरं सांगायचं तर थोडी हौस पण होती. एका ओळखीच्या पोराच्या जीपमधे धातूचे पेडल बघितले होते आणि ते डोक्यात बसलेले.

तर सुरुवात चुकीच्या ठिकाणाहून झाली. नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेलो होतो तिथंच एका दुकानात तीन पेडलचा सेट लटकवलेला दिसला, ॲल्युमिनियमचा, मधे काळे रबराचे ठिपके, चकचकीत एकदम. सगळ्या गाड्यांना बसतो म्हणाला. साडेसहाशे रुपये. हे 'सगळ्या गाड्यांना बसतो' वाक्य ऐकलं की माणसानं तिथूनच परत फिरावं, पण मी घेतला आणि दुकानाच्या बाहेर रस्त्यावरच त्याच्या पोरानं दहा मिनिटात बसवून पण दिला. बसवायची पद्धत अशी की मागून दोन आकडे येतात, ते मूळ पेडलला कडेनं पकडतात आणि बारीक स्क्रूनं आवळायचे. भोक नको, वेल्डिंग नको. ऐकायला किती छान.

पंधरा दिवस छान चाललं. मग एके दिवशी हडपसर गाडीतळाच्या अलीकडं, सकाळची गर्दी, मी रेसवरचा पाय उचलला आणि इंजिनचा आवाज कमीच होईना. क्लच दाबला तर इंजिन बोंबलायला लागलं. ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबून धरले, चावी बंद केली, गाडी डावीकडं लागली, मागून सगळ्यांनी हॉर्न वाजवून माझ्या खानदानाचा उद्धार केला. खाली वाकून बघतो तर रेसवरची ती चकचकीत पट्टी आकड्यातून सुटून तिरकी फिरलेली आणि तिचं खालचं टोक मॅटच्या कडेत रुतून बसलेलं. म्हणजे रेस निम्मी दाबलेल्या अवस्थेत अडकली. तिथंच स्क्रू ड्रायव्हरनं तिन्ही उचकटून काढल्या आणि सीटमागं टाकल्या. ब्रेकची हातानं हलवून बघितली तर ती पण डुगडुगत होती.

दुकानदाराकडं गेलो नाही. काय सांगणार, आवळायला पाहिजे होतं मधेमधे असं म्हणाला असता, आणि ते खोटं पण नाही. पण जी वस्तू मधेमधे आवळली नाही तर माणूस मरतो ती वस्तू ब्रेकला लावायचीच कशाला.

माझा मेहुणा चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्याला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "दाजी, हे असलं विकतचं नको, आपण प्लेट बनवून घेऊ, भोसरीत माझ्या ओळखीचे एक अण्णा आहेत, स्वतःचं मिलिंग मशीन आहे, धातू कोरायचं, गुरुवारी या." गुरुवारी का तर एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, कंपन्यांची कामं नसतात, अण्णा शेडमधे एकटेच असतात आणि असली किरकोळ कामं हातात घेतात. असे एकूण चार गुरुवार गेले.

पहिल्या गुरुवारी काहीच बनलं नाही. अण्णांनी गाडी शेडच्या दारात लावायला सांगितली, पाटावर बसल्यासारखे खाली बसले आणि अर्धा तास नुसते पेडल दाबून सोडून बघत होते. मग मला विचारलं, "तुला दिसायला पाहिजे का पायाला पाहिजे?" मी म्हणलं पायाला. "मग बूट घालून ये." मी चपलेवर गेलो होतो. गमबूट गाडीत मागं होते, ते घालायला लावले आणि सीटवर बसवून तळव्याखालून पुठ्ठा धरून पेन्सिलनं बूट पेडलवर नेमका कुठं पडतो ते आखून घेतलं. माझा पाय ब्रेकच्या मधोमध पडतच नव्हता, उजव्या बाजूला अंगठाभर सरकलेला पडायचा. आठ वर्षं गाडी चालवतोय आणि हे मला माहीत नाही. घाटात पाय बाजूला का सटकला त्याचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

मग धातू कुठला ह्याच्यावर चर्चा. मला स्टेनलेस पाहिजे होतं, गंजत नाही म्हणून. अण्णा म्हणाले स्टेनलेस गंजत नाही हे खरं पण चिवट असतं, नक्षी पाडायला टूल खातं, आणि वजन बघ. कागदावर हिशोब मांडला. १०० बाय ७० मिमीची, ८ मिमी जाडीची प्लेट, मागं खाच धरून, ॲल्युमिनियममधे १३० ग्रॅमच्या आसपास आणि लोखंड किंवा स्टीलमधे पावणेचारशे. कारण ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि स्टीलची ७.८५, म्हणजे जवळपास तिप्पट. "पेडलला वर ओढणारी स्प्रिंग कंपनीनं तिच्या रबराच्या हिशोबानं दिलीय, तू तिच्यावर पाव-पाव किलो लटकवलं तर ती बिचारी कुणाकडं जाणार?" ब्रेक पूर्ण वर आला नाही तर मागचे लाल दिवे चालूच राहतात, कारण दिव्याचा स्विच वर पेडलच्या दांड्यालाच टेकलेला असतो. मागच्या माणसाला मग तू कधी ब्रेक मारतोयस ते कळतच नाही. हे मला पटलं. ॲल्युमिनियम ठरलं. चेकर प्लेटचा पण विषय निघाला, पिकअपच्या हौद्यात असते तसली, पण तिचे उंचवटे लांब लांब असतात, एवढ्याशा पेडलवर चार-पाचच येतात, बूट त्यांच्या मधेच बसला तर फायदा काय.

आणि एक नियम अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकला, की दांड्याला भोक पाडणार नाही आणि वेल्डिंग तर अजिबात नाही. ब्रेक मारताना सगळी ताकद त्या दांड्यातून जाते, तिथं भोक पाडलं तर तडा तिथूनच सुरू होणार, आणि वेल्डिंगची उष्णता वर दांडा जिथं फिरतो त्या बुशपर्यंत जाते ते वेगळंच. आर्गन गॅसचं वेल्डिंग मारून घेतो म्हणलं तरी नाही. "त्यासाठी दुसरा कुणी बघ," एवढंच. मला मात्र त्या नकारानंच विश्वास बसला.

दुसऱ्या गुरुवारी मी भंगारातून ८ मिमी ॲल्युमिनियमचे दोन तुकडे किलोवर घेऊन गेलो. आता हे बसणार कसं ते नीट सांगतो कारण सगळी गोम तिथंच आहे. रबर काढलं की खाली पेडलला पत्र्याचा एक सपाट चौकोन असतो, माझा ६० बाय ५५ निघाला, व्हर्नियरनं जाडी बरोबर ३ मिमी. नवीन प्लेटच्या मागच्या बाजूला ह्या चौकोनाच्याच मापाची खाच मिलिंग करून घ्यायची, म्हणजे चौकोन त्या खाचेत डब्याच्या झाकणासारखा बसतो, मग प्लेट वर, खाली, आजूबाजूला कुठंच सरकू शकत नाही, फिरू पण शकत नाही. नाना पेठेच्या सेटमधे नेमकं हेच नव्हतं, तिथं सगळा भार स्क्रूच्या पकडीवर होता. मग मागून लोखंडाच्या दोन पट्ट्या, एक डावीकडं एक उजवीकडं, त्या निम्म्या चौकोनाच्या पाठीवर येतात आणि निम्म्या बाहेर, बाहेरच्या भागातून प्रत्येकी दोन बोल्ट. झालं सँडविच.

मी म्हणलं चौकोन ३ मिमी आहे तर खाच पण ३ मिमी करा, एकदम लेव्हल. अण्णा हसले. खाच अडीचच केली. कारण खाच तीन झाली तर मागची पट्टी प्लेटला जाऊन टेकणार आणि चौकोन मधे ढिला राहणार, बोल्ट कितीही आवळा. अर्धा मिमी चौकोन बाहेर राहिला तर पट्टी आधी त्याला दाबते, सगळी पकड त्याच्यावर येते. इतकी साधी गोष्ट, आणि मला चार दिवस विचार करून सुचली नसती.

नक्षीचं मात्र एकदा चुकलं. अण्णांनी आधी भंगाराच्या तुकड्यावर नमुना काढला, उभ्या-आडव्या व्ही आकाराच्या रेघा, २ मिमी खोल, ४ मिमीवर एक. त्यामुळं रेघांच्या मधे काहीच सपाट उरलं नाही, नुसती टोकं आली, खवणीच म्हणा. हाताला चरचरत होती. मी खूष, म्हणलं ह्याच्यावरून काय सटकतंय आता. बूट घासून बघितला तर रबराचा भुगा निघाला, आणि ग्रिप इतकी की पाय जरासा हलवून जागेवर आणायचा म्हणलं तर हलेना, पूर्ण उचलावाच लागतो. क्लचवर तर ते फारच वाईट, कारण क्लच सोडताना बुटाचा तळवा पेडलवर थोडा घसरतच असतो. मग रेघा ६ मिमीवर घेतल्या, म्हणजे मधे २ मिमीचे सपाट चौकोनी दाणे राहिले. रेघा चारी बाजूंनी कडेपर्यंत मोकळ्या सोडल्या, टायरच्या नक्षीसारख्या, कारण पाय दाबला की चिखलाला बाहेर पडायला वाट पाहिजे. आरपार भोकांचे पेडल असतात त्यात चिखल मागं निघून जातो, पण आपल्या प्लेटच्या मागं तर चौकोन बसलाय, भोकं पाडली असती तर ती भरून बसली असती नुसती.

फक्त आडव्याच रेघा का नको, असं मेहुण्यानं विचारलं, मशीनचा वेळ वाचला असता. आडव्या रेघा पायाला खाली घसरू देत नाहीत, पण माझा पाय घसरला होता बाजूला. त्याला उभ्याच रेघा अडवणार.

मधेच एक गंमत. कसब्यात राहणारे आमचे एक मामा, त्यांनी हे सगळं ऐकून सल्ला दिला की तांबट आळीत जा, पातेल्याला मारतात तसलं मठार काढून घे पेडलवर, पुण्याची गाडी दिसेल तरी. डोळ्यासमोर आलं, क्लच तांब्याचा, ब्रेक पितळेचा. मठारकामाचे ते गोल गोल ठोके दिसायला काय सुंदर, पण ते खोलगट असतात, कडा नसतात, पाय धरणार कशाला. मामांना म्हणलं रिटायर झाल्यावर करतो.

बोल्ट मी बोहरी आळीतून आणले. ५ मिमीचे, चपट्या डोक्याचे, एलकीनं, म्हणजे त्या सहा कोनी चावीनं आवळायचे. डोकं प्लेटच्या आत पूर्ण बुडलं पाहिजे, वर राहिलं तर बुटाची शिवण अडकते. मागून नायलॉक नट. साध्या नटला स्प्रिंग वायसर टाकला तरी चालतं म्हणतात, पण पिकअप रिकामी असताना केबिन किती थरथरते ते ज्यानं चालवलीय त्यालाच माहीत. नायलॉकमधे आत नायलॉनची रिंग असते, ती आट्यांना घट्ट धरून ठेवते, नट आपोआप फिरत नाही. फक्त तो काढ-घाल करून पुन्हा पुन्हा वापरायचा नाही, रिंग झिजते, म्हणून मी डझनभर जास्तच आणले. मला स्टेनलेसचे बोल्ट घ्यायचे होते, दुकानातल्या काकांनीच विचारलं कशात बसवणार, ॲल्युमिनियम म्हणल्यावर म्हणाले पाणी लागत असलं तर झिंकवाले घ्या, स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते. आणि बसवताना ग्रीसचं बोट लावा. पाच-सात रुपयाच्या बोल्टसाठी एवढं कोण सांगतं हल्ली.

तिसऱ्या गुरुवारी फिटिंग. बसायला पंधरा-वीस मिनिटं लागली, प्लेट चौकोनावर टेकवली की टक् आवाज येऊन बसायची, इतकं माप बरोबर. मी लगेच गाडी चालू करून निघणार तर अण्णांनी चावी काढून घेतली. मॅट बाहेर काढायला लावलं. मग गमबूट घालून बंद गाडीतच रेसवरून ब्रेक, ब्रेकवरून रेस, असं पन्नास वेळा करायला लावलं, डोळे मिटून. मला हसू येत होतं. तेविसाव्या-चोविसाव्या वेळी हसू गेलं, कारण रेसवरून पाय ब्रेककडं आणताना बुटाची डावी कड ब्रेकच्या प्लेटखाली अडकली. पाय वर यायच्या ऐवजी ब्रेकलाच खालून उचलायला लागला.

झालं असं होतं, की माझा पाय उजवीकडं पडतो म्हणून आम्ही प्लेट रुंद केली, पण रुंदी म्हणजे रेसकडं सरकणंच की. रबर होतं तेव्हा ब्रेक आणि रेसमधे ६० मिमी जागा होती, आता ४३ उरली. चपलेवर काही कळलं नसतं. गमबुटाचा तळवा माझा १०५ मिमी रुंद. चपलेवर ट्रायल घेऊन मी खुशाल घाटात गेलो असतो आणि पुढची गोष्ट सांगायला कदाचित नसतो.

उजव्या बाजूनं ६ मिमी कापली. जास्त कापता येत नव्हती कारण बोल्टचं डोकं कडेला आलं असतं. मग उरलेल्या कडेला अण्णांनी खालून तिरका उतार दिला आणि कानशीनं घासून गोल केली, म्हणजे बूट लागला तरी अडकणार नाही, सरकून वर येईल. पुन्हा पन्नास वेळा. मग शंभर. मेहुणा मागं उभा राहून ब्रेकचे दिवे बघत होता, लागले, गेले, लागले, गेले, शेवटी तो म्हणाला दाजी मला रात्री स्वप्नात लाल दिवे दिसणार आता. क्लचचा प्ले, म्हणजे सुरुवातीला तो मोकळा दबतो तेवढा भाग, तो पण बघितला, तो पहिल्यासारखाच होता, क्लचबद्दल बाकी सांगण्यासारखं काही घडलं नाही, तो गरीब गाईसारखा पहिल्याच वेळी बसला.

आणि रेस. रेससाठी पण मी एक पातळ ३ मिमीची पट्टी कापून नेली होती, सेट पूर्ण दिसावा म्हणून. अण्णांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि बाकावर ठेवून दिली. "ही नाही बसवणार." मी म्हणलं अण्णा एवढं सगळं केलं, एकच राहिलंय. तर म्हणाले ब्रेकवर काही अडकलं तर गाडी थांबते, रेसवर अडकलं तर गाडी पळते, त्यामुळं तिथं जेवढं कमी तेवढं बरं. गाडीतळाची सकाळ आठवली, मी गप्प बसलो. रेस कंपनीची आहे तशीच, फक्त ब्रशनं घासून खोबणीतला जुना चिखल काढला तर तिच्यावर चांगली नक्षी निघाली, आठ वर्षांत पहिल्यांदा दिसली.

चौथा गुरुवार नुसता बघायचा होता. आठवडाभर चालवून आण मग सांगतो असं म्हणाले होते. बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर मार्करची एक रेघ ओढून दिलेली, बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसणार. आठ दिवस उरुळी, वाघोली, दोनदा कात्रज. रेघा जशाच्या तशा. काळं ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवतात तो कडक थर, करून घ्यायचं का असा विषय निघाला, कारण नुसतं ॲल्युमिनियम हाताला काळं लागतं, पण जॉबवर्कवाले कमीत कमी एका लॉटचे पैसे घेतात, दोन तुकड्यांसाठी कोण देणार. राहू दे म्हणलं, हातानं कोण दाबतंय ब्रेक.

पैसे म्हणाल तर ॲल्युमिनियम, बोल्ट, पट्ट्या आणि अण्णांची मजुरी धरून पावणेतीन हजार. ते साडेसहाशे वेगळे. चार दिवस धंदा बुडाला तो कुणी मोजायचा. स्वस्त पडलं असं मी म्हणणार नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात दसरा होता. आमच्या हिनं गाडीची पूजा केली, झेंडूचा हार, लिंबू-मिरची, आणि नवीन आलंय म्हणून पेडलना पण हळदीकुंकू, तेलाचं बोट लावून! आता ब्रेकवर तेल. तिला काही बोलायची सोय नाही, ती आत गेल्यावर फडक्यानं पुसून काढलं, पण कुंकू रेघांत जाऊन बसलं ते अजून कोपऱ्यात लाल दिसतं.

जानेवारीत पासिंग आलं, म्हणजे आरटीओची तपासणी. मालाची गाडी आठ वर्षांच्या वर गेली की दरवर्षी पासिंग, आणि आमचा ट्रॅक दिवे गावाला, म्हणजे तोच घाट चढून जायचं. आता प्रश्न असा की साहेब पेडल बघून काय म्हणतील. मोटार वाहन कायदा १९८८ चं ५२ कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू नका सांगतं, आणि पेडलवरची प्लेट ही रचना का ॲक्सेसरी, ह्याच्यावर आमच्या नर्सरीच्या चहाच्या टपरीवर दोन तास वाद झाला, निकाल काही लागला नाही. मी वाद घालायला जाणार नव्हतो. भोक नाही, वेल्डिंग नाही, सगळं बोल्टवर, त्यामुळं आदल्या रात्री दोन्ही प्लेटा काढल्या आणि नवीन रबरं चढवली. ब्रेक टेस्ट झाली, पास.

उतरताना मात्र मजा झाली. कोरडा दिवस, नवं रबर, पायात चप्पल, म्हणजे घाबरायचं काही कारण नाही. तरी ब्रेकवर पाय ठेवला की पायाखाली काहीतरी मऊ मऊ, जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसं. त्या मस्तानी तलावाच्या वळणाला तर मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून होतो. खाली वडकीत आलो, एका टपरीजवळ गाडी लावली, डॅशबोर्डच्या कप्प्यातनं प्लेटा, पाना, एलकी आणि नवे नायलॉक काढले आणि दार उघडं टाकून पाय बाहेर, डोकं आत अशा अवस्थेत बसवायला घेतल्या.

टपरीवरचे दोघं-तिघं ड्रायव्हर येऊन बघायला लागले. एकजण सासवडहून अंजिराच्या पाट्या घेऊन निघालेला, त्यानं चहाचा कप हातात धरूनच वाकून प्लेटवर अंगठा फिरवला. "कुठं मिळतं हे?"

"मिळत नाही, बनवून घेतलं. भोसरीत."

"आमच्या गाडीला बसंल का?"

मी त्याच्या पायाकडं बघितलं. कोल्हापुरी चप्पल होती, टाचेकडं पार घासून गेलेली.

"आधी गाडीत बसून दाखवा," म्हणलं, "आणि पुठ्ठा आहे का एखादा?"